नोटीस मराठीत, करार इंग्रजीत

आमच्या सोसायटीत बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या महिन्यात एका दारावर कागद डकवला गेला. वर ठळक अक्षरांत ‘ताबा सूचना’, खाली कर्जदाराचं नाव, सहकर्जदार म्हणून बायकोचं नाव आणि थकबाकी पैशांपर्यंत मोजलेली. दोनच दिवसांत तीच सूचना पेपरात आली, म्हणजे ज्यांनी जिना चढून दार पाहिलं नव्हतं त्यांनाही कळलं. रविवारी पाण्याच्या टाकीच्या गळतीसाठी बोलावलेली मीटिंग मग या दारावरच घसरली. एका बाजूला आमचे निवृत्त काका मंडळी: “सही करताना डोळे मिटले होते का? अंथरूण पाहून पाय पसरावेत.” दुसऱ्या बाजूला तिशीतली पोरं: “सगळे बँकवाले चोर आहेत.” दीड तास चाललं. टाकी अजून गळतेच आहे.

मला दोन्ही बाजूंचा राग आला, आणि पहिल्या बाजूचा जास्त. दुसरी बाजू निदान अज्ञानातून बोलते. पहिली बाजू शहाणपणाचा आव आणून बोलते, आणि तिचं म्हणणं ऐकायला इतकं सरळ वाटतं की पुढचं कोणी विचारतच नाही. माझं म्हणणं असं: घरकर्ज लुबाडणारं आहे की नाही, हे व्याजाच्या दरावरून ठरत नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात. घेताना खरी किंमत दिसत होती का, दर फिरला की फटका कोणावर बसतो, आणि त्यातून बाहेर पडायची वाट कशी ठेवली आहे. आणि या तिन्ही गोष्टी एकट्या कर्जदाराने सहीच्या टेबलावर ओळखाव्यात ही अपेक्षा वाजवी नाही. ती अपेक्षा बाळगणारे नकळत सावकाराची वकिली करतात.

आधी दराचं बोलू, कारण ‘लुटारू’वाल्यांची गाडी तिथेच अडते. माझा मावसभाऊ बदलापूरला एसी दुरुस्तीची कामं करतो, त्याची बायको डबे करते. दोघांची मिळून कमाई एखाद्या कारकुनापेक्षा कमी नाही, पण पगाराची स्लिप नाही आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रंही नाहीत. दोन बँकांनी फाइल घेतलीच नाही. शेवटी एका छोट्या गृहवित्त कंपनीने १३ टक्क्यांनी १८ लाख दिले. त्या वेळी सरकारी नोकरदाराला ९ च्या आत मिळत होतं. हा अन्याय आहे का? मला वाटत नाही. ज्याचं उत्पन्न कागदावर नाही त्याच्या घरी जाऊन, शेजाऱ्यांना विचारून, डब्यांची वही पाहून कर्ज देण्यात खर्चही आहे आणि धोकाही. गुंठेवारीतलं घर, गावठाणातली खोली, हिस्सेवाटप न झालेला सातबारा, अशा जागांकडे मोठी बँक ढुंकून पाहत नाही. या कंपन्या उद्या बंद झाल्या तर हा माणूस घर घ्यायचा थांबणार नाही. तो महिन्याला ३ ते ५ टक्के घेणाऱ्या गल्लीतल्या सावकाराकडे जाईल. हा प्रतिपक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो.

पण त्या १३ टक्क्यांच्या मागे काय होतं ते पाहा. सह्यांच्या दिवशी मी तिथे होतो. एजंट घरीच आला होता. वहिनींनी पोहे केले होते. कागदांच्या गठ्ठ्याला पिवळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या, म्हणजे सही कुठे हे शोधायलाही वाचावं लागू नये. “दादा, इथे. वहिनी, तुम्ही इथे. ही फक्त फॉर्मॅलिटी.” सत्तेचाळीस सह्या झाल्या. काही पानांवर रकमेची जागा कोरी होती, “ती ऑफिसात भरतात.” सगळं इंग्रजीत. मी इंग्रजी वाचू शकतो, आणि मीही वाचलं नाही. पोह्यांची बशी हातात होती, एजंट घड्याळ पाहत होता, बिल्डरची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. काकांनी मला विचारावं, माझे डोळे मिटले होते का. मिटले नव्हते. पण ४७ सह्यांचा गठ्ठा वीस मिनिटांत वाचणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि ज्यांनी तो गठ्ठा तयार केला त्यांनीही पाहिलेला नसावा.

त्या गठ्ठ्यात ७२ हजारांची एक विमा पॉलिसी होती. हप्ता एकरकमी, तो कर्जातच मिसळलेला, त्यामुळे खिशातून काही गेलं नाही आणि कळलंही नाही. १३ टक्के, वीस वर्षं या हिशेबाने त्या ७२ हजारांचे महिन्याला ८४३ रुपये, म्हणजे अखेरपर्यंत दोन लाख दोन हजारांच्या वर जातात. आणि विम्याचं संरक्षण किती वर्षांचं? पाच. कर्ज वीस वर्षांचं, विमा पाच वर्षांचा, विम्यावरचं व्याज मात्र पुन्हा वीस वर्षांचं. दर १३ असणं मी समजू शकतो. हे समजू शकत नाही. इथे कर्ज महाग असण्याचा प्रश्न संपतो आणि दुसराच प्रश्न सुरू होतो.

“पण सही तर आहे ना?” आहे. आणि हा युक्तिवाद नवा नाही. आपल्या पुणे जिल्ह्यात तो दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या कोर्टात रोज चालायचा. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते रोखे, म्हणजे कर्ज घेताना लिहून दिलेले कागद. जिथे कागद मिळाले तिथे ते जाळून टाकले. जिथे सावकाराने मुकाट्याने काढून दिले तिथे बहुतेक वेळा पुढे काही झालं नाही. दंगलीला निघालेला जमाव तिजोरी सोडून दप्तराला का हात घालतो? कारण तिजोरीपेक्षा दप्तर त्याला जास्त लुटत होतं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांपुरताच वैध ठरवला होता. हेतू कर्जदाराला वाचवण्याचा. सावकारांनी काय केलं? दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा, नवा अंगठा. कर्जदाराच्या सोयीसाठी केलेला कायदा चक्रवाढीचं यंत्र झाला. दंगलीनंतर नेमलेल्या आयोगापुढे शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं प्रकरण आलं. प्रत्येक रोख्यावर अंगठा होताच. कोर्टाच्या लेखी रयतेने ‘स्वखुशीने’ दिलेला.

(या गोष्टीत कोणीतरी दामदुपटीचा दाखला देतोच. थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये असा तो जुना नियम. पण तो एका वेळी थकलेल्या व्याजाबद्दल आहे, हप्त्याहप्त्याने भरलेल्या व्याजाबद्दल नाही. वीस वर्षांच्या साध्या ९ टक्क्यांच्या घरकर्जातही भरलेलं एकूण व्याज मुद्दलाच्या पुढे जातं. म्हणून ती तलवार मीटिंगमध्ये परजू नये, म्यानातच ठेवावी.)

महत्त्वाचं आहे ते १८७९ मध्ये झालं ते. दख्खन शेतकरी मदत कायद्याने कोर्टाला रोख्याच्या मागे जाण्याची मुभा दिली. सही आहे, अंगठा आहे, तरी व्यवहाराचा इतिहास उकरून मूळ मुद्दल किती आणि त्यात घुसडलेलं व्याज किती हे न्यायाधीश पाहू शकत होता. रोखे गावच्या निबंधकासमोर करायचे, पैसे भरल्याची पावती द्यायची, मागितल्यास दरसालचा हिशेब द्यायचा, पासबुक ठेवायचं, असं सगळं त्यात होतं. तो कायदा साधुसंतांनी केला नव्हता; पुन्हा दंगल नको म्हणून परक्या सरकारने केला होता. पण त्या परक्या सरकारलाही इतकं उमगलं होतं की सही म्हणजे संमतीचा पुरावा, संमती नव्हे. आमच्या सोसायटीतल्या काकांना ते अजून उमगलेलं नाही. आणि आता तर पिवळी चिकटपट्टीही गेली. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला की चाळीस पानांवर सही होते.

आता दर फिरण्याचं. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो रेपो दर मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला. नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के. समजा कोणी त्याआधी ३० लाखांचं कर्ज ७ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं होतं. हप्ता २३,२५९ रुपये. दर साडेनऊवर गेला तेव्हा मुद्दल उरलं होतं समजा २९ लाख. त्यावर महिन्याचं नुसतं व्याज २२,९५८ रुपये. म्हणजे २३,२५९ भरल्यावर घराच्या नावाने जमा होतात ३०१ रुपये. हप्ता तोच ठेवायचा तर हे कर्ज फिटायला सुमारे ४६ वर्षं लागतील. आणि मुद्दल ३० लाखच असतं तर? व्याज २३,७५०. हप्ता पूर्ण भरूनही कर्ज दरमहा वाढत गेलं असतं. वेळच्या वेळी पैसे भरणारा, एकही चेक न हुकलेला माणूस, आणि त्याचं कर्ज वाढतंय.

इथे प्रतिपक्ष म्हणतो, फ्लोटिंग दर दोन्हीकडे फिरतो. वाढला तसा कमीही होतो. तत्त्वतः बरोबर. प्रत्यक्षात तो वर जाताना लिफ्टने जातो आणि खाली येताना जिन्याने, बऱ्याचदा मधल्या मजल्यावर बसून. ही माझी कुरकुर नाही. बँकांचे अंतर्गत दर तपासणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासगटाने २०१७ मध्ये दाखवून दिलं की बँका आधारदर आणि त्यावरची टक्केवारी मनमानी पद्धतीने ठरवतात, आणि घट जुन्या ग्राहकांपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधली गेली. पण गृहवित्त कंपन्यांना ती सक्ती नाही. त्यांचा ‘संदर्भदर’ त्यांच्याच कार्यालयात ठरतो. २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्याने खाली आला. बदलापूरच्या मावसभावाच्या १३ मधून त्या वर्षात एक पैसा कमी झाला नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, “सर, कन्व्हर्जन फी भरा, कमी करून देतो.” स्वतःच्याच दराची घट स्वतःच्याच ग्राहकाला विकायची! याला बाजारभाव म्हणायचं?

मुदत गुपचूप वाढवणं हाच प्रकार. हप्ता वाढला तर माणूस ओरडतो. मुदत वाढली तर त्याला कळतच नाही, कारण खात्यातून जाणारा आकडा तोच असतो. पन्नाशीतल्या माणसाचं कर्ज सत्तरीत शिरलेलं त्याला स्टेटमेंटच्या एका कोपऱ्यात कळतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये नियम केला: दर बदलताना कर्जदाराला कळवायचं, हप्ता वाढवायचा की मुदत की थोडंथोडं दोन्ही, हे त्याने ठरवायचं, स्थिर दराकडे जायचा पर्याय द्यायचा (ही सक्ती ऑक्टोबर २०२५ पासून उरली नाही), आणि हप्त्यात व्याजही निघणार नाही अशी वेळ येऊ द्यायची नाही. त्याच दिवशी दंडव्याज मुद्दलात मिसळायलाही बंदी आली. एप्रिल २०२४ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने तपासणीत आढळलेल्या गोष्टी स्वतःच लिहून काढल्या. पैसे हातात पडायच्या आधीच, मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावणं. चेकवरच्या तारखेपासून व्याज मोजून चेक कितीतरी दिवसांनी देणं. एक-दोन हप्ते आधीच कापून घ्यायचे आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर मोजायचं. हे शोधायला चार्टर्ड अकाउंटंट लागतो, आणि देशाच्या मध्यवर्ती बँकेला शोधायला २०२४ उजाडावं लागलं. मग बी विंगमधल्या माणसाने ते सहीच्या दिवशी ओळखायला हवं होतं, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

ज्यांना वाटतं लोक शिकले की हे थांबेल, त्यांनी अमेरिकेकडे पाहावं. तिथे शतकाच्या सुरुवातीला घरोघरी विकलेलं एक कर्ज होतं: पहिली दोन वर्षं कमी दर, पुढची अठ्ठावीस वर्षं फिरता दर. दोन वर्षांनी हप्ता उसळणार हे देणाऱ्याला माहीत होतं. अनेक करारांत सुरुवातीच्या वर्षांत कर्ज फेडून बाहेर पडायचं तर दंड लावलेला होता, म्हणजे उसळी यायच्या आधी निसटायची वाट बंद. शिकलेली माणसं त्यात अडकली, आणि २००७-०८ मध्ये जगाला त्याची झळ बसली. २०१० च्या कायद्याने त्यांना काय करावं लागलं? कर्ज देणाऱ्याने कर्जदाराची परतफेडीची ऐपत तपासलीच पाहिजे, आणि फिरत्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड नको. ओझं टेबलाच्या पलीकडे सरकवलं.

बाहेर पडण्याच्या दाराबाबत आपण कागदावर फार मागे नाही. फ्लोटिंग घरकर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, हा नियम गृहवित्त कंपन्यांना २०११ पासून आणि बँकांना २०१२ पासून लागू आहे. मग लबाडी कुठे होते? नावात. घरासाठीच्या कर्जाला ‘मालमत्तेवरील व्यवसाय कर्ज’ असं लेबल लावायचं, कारण व्यवसायाच्या कर्जाला ती सूट सरसकट नव्हती. पहिली तीन वर्षं ‘स्थिर’ लिहायचं. किंवा दंड घ्यायचाच नाही, फक्त फोरक्लोजर लेटर, म्हणजे किती भरलं की कर्ज संपतं ते सांगणारं पत्र, द्यायला पाच आठवडे लावायचे, कागदपत्रांची यादी ‘हेड ऑफिसहून येते’ म्हणायचं, तोवर दुसऱ्या बँकेची मंजुरी शिळी होते. म्हणून कुणी मला विचारलंच की पाहू काय, तर मी दर शेवटी पाहायला सांगतो. आधी मंजुरीपत्रावर कर्जाचा प्रकार काय लिहिलाय ते वाच. मग हातात पडलेली रक्कम आणि मंजूर रक्कम यांतला फरक एका कागदावर मांड. मग त्याच शाखेत जाऊन विचार, उद्या सगळं फेडायचं म्हटलं तर किती दिवसांत कागद देता. तिसऱ्या प्रश्नावर समोरच्या माणसाचा चेहरा पाहायचा.

राहिला ठेवीदारांचा मुद्दा, आणि तो हलका नाही. बँकेचा पैसा म्हणजे आमच्याच काकांच्या मुदतठेवी. कर्ज बुडालं तर भुर्दंड त्यांना. कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याआधी वसुलीचे दावे वर्षानुवर्षं कोर्टात कुजत होते, हे खरंच आहे. बुडवे बिनधास्त होते, आणि त्याची किंमत प्रामाणिक कर्जदाराला चढ्या दराने भरावी लागत होती. साठ दिवसांची नोटीस आणि मग ताबा, ही जलद वाट मलाही हवी आहे. पण जलद वाट एकाच दिशेने का? घर जप्त करायला साठ दिवस पुरतात. तुमचा व्याजाचा हिशेब चुकला आहे हे सिद्ध करायला कर्जदाराला कर्जवसुली न्यायाधिकरणात वकील लावून वर्षं काढावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये याच कायद्यातली एक अट उडवली. त्या अटीनुसार दाद मागायला जाणाऱ्याने आधी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरायची होती! ज्याच्याकडे ती असती तो तिथे कशाला आला असता? आणि ठेवीदारांचा एवढा कळवळा असेल, तर इमारत उभी राहण्याआधीच बिल्डरच्या खात्यात कर्ज ओतणाऱ्यांना तो का आला नाही? बांधकामाच्या टप्प्यांनुसारच पैसे द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बजावलं होतं. तरी दिल्लीभोवतीच्या अर्धवट टॉवरांत हजारो लोक न मिळालेल्या घरांचे हप्ते भरत राहिले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बिल्डर-बँक संगनमताच्या तपासाला सीबीआयला जुंपावं लागलं. तिथे सही कोणी तपासून केली नव्हती, घेणाऱ्याने की देणाऱ्याने?

आता त्या दारावरच्या कागदाकडे परत येतो. नियम असा आहे की ताबा सूचना दोन वर्तमानपत्रांत छापायची आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं हवं. म्हणजे घर काढून घेताना कर्जदाराची भाषा कोणती हे कायद्याला नेमकं आठवतं. घर देताना मात्र चाळीस पानं इंग्रजीत. बी विंगच्या त्या गृहस्थांना आपल्या कर्जाबद्दल मराठीत मिळालेला पहिला कागद त्यांच्या दारावर चिकटवलेला होता, आणि तो त्यांच्याआधी शेजाऱ्यांनी वाचला.

१ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जाबरोबर एक तथ्यपत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात विमा, कायदेशीर तपासणी, प्रक्रिया शुल्क असं सगळं धरून खरी वार्षिक टक्केवारी लिहायची, कर्जदाराला कळेल अशा भाषेत लिहायची, समजावून सांगायची, आणि किमान तीन कामकाजाचे दिवस त्याला विचाराला द्यायचे. १८७९ च्या कायद्याचा हा पणतू म्हणायला हरकत नाही. गेल्या डिसेंबरात मावसभाऊ ते कर्ज दुसरीकडे हलवायला निघाला तेव्हा मी बरोबर गेलो आणि मराठी पत्रक मागितलं. काउंटरवरचा मुलगा भला होता, म्हणाला, “सर, आजवर कोणी मागितलंच नाही.” चार दिवसांनी आलं. मराठी म्हणजे यंत्रातून काढलेली, फ्लोटिंग रेटला चक्क ‘तरंगता दर’. पण आकडे आकड्यांच्या जागी होते, आणि चौथ्या ओळीत ‘विमा हप्ता’ असं वेगळं लिहिलेलं होतं, ५४ हजार. भावाने चष्मा वर केला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे न घेता कर्ज मिळतं का?”

मुलाने मागे वळून साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. मग म्हणाला, “मिळतं.”